सरळ इंग्रजी

जयपूरच्या सोडाला भागातल्या त्या घराचा वरचा मजला बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी भाड्याचं, पाण्याचं, लाईटचं काहीच न बोलता मला विचारलं, "इंग्रजी किती येतं तुम्हाला?"

"कामापुरतं येतं. बँकेत आहे मी."

"फार येत नाही ना?"

"नाही, फार नाही."

"मग या राहायला. फार इंग्रजी येणाऱ्यांची मला धास्ती आहे."

मी सांगलीहून बदली होऊन जयपूरला आले होते. घरचे सगळे तिकडंच. हा गृहस्थ विक्षिप्त आहे हे मला तिथल्या तिथं कळलं, आणि दुसरं घर बघावं असंही मनात आलं. तेवढ्यात आतून त्यांची बायको पदराला हात पुसत आली. "आत बस की गं, उन्हाची आलीयास. सांगलीची न्हवं तू? आमी कराडचं." त्या 'न्हवं'साठी मी ते घर घेतलं. पुढं त्या दोघांना मी काका-काकू म्हणू लागले.

काकांची सगळी नोकरी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात झाली. दगड कापायची यंत्रं तिथं बनत आणि बाहेरदेशी जात. गिऱ्हाईक आलं की त्याला कारखाना दाखवायचा, यंत्र समजावून सांगायचं, हे काकांचं काम. कुणी तुर्कस्तानचा, कुणी इजिप्तचा, कुणी व्हिएतनामचा, कुणी ब्राझीलचा. बोलणं इंग्रजीत, आणि बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही आईला ती भाषा येत नसणार. काका म्हणत, "आम्ही सगळे सारखेच अडाणी. त्यामुळं भांडण झालं नाही कधी."

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते थंडी-उन्हाळा बंद गळ्याचा कोट घालत आणि गल्लीतल्या भाजीवाल्यापर्यंतसुद्धा तो घालूनच जात. कुणाचं बोलणं ऐकताना मान पुढं काढून त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या दाताला काही लागलंय. काका खरं म्हणजे त्याच्या इंग्रजीतले जादा शब्द मोजत असत. "तू सात शब्द वापरलेस. तिनात काम झालं असतं," असं ते माणसाला तोंडावर सांगत.

त्यांचा एक आवडता किस्सा होता. पाहुणा आला की तो सांगितल्याशिवाय ते त्याला सोडत नसत. एकदा कारखान्यात खुद्द इंग्लंडचा माणूस आला. त्याच दिवशी एक तुर्की गिऱ्हाईकही होतं. यंत्र चालवून दाखवलं. इंग्रज हसत हसत म्हणाला की, फारसा त्रास होणार नसेल तर आणखी एकदा बघायला मी काही नाही म्हणणार नाही. कारखान्यातल्या इंजिनिअरला त्यातलं 'नाही' तेवढं ऐकू आलं. तो हिरमुसला आणि त्यानं यंत्रावर कापड टाकलं. इंग्रज गोंधळला. त्याला वाटलं, आपलं काय चुकलं? तेव्हा तो तुर्की पुढं झाला आणि म्हणाला, "ही वाँट सी मशीन. अगेन."

"बघा," काका टाळी देत, "इंग्रजाचं इंग्रजी तुर्काला समजावून सांगावं लागलं! जगात इंग्रजी बोलतात त्यांत इंग्रज आता चिमूटभर. ते मागं राहिले. भाषा पुढं गेली."

रविवारी सकाळी गच्चीवर त्यांचा वर्ग भरे. सोडाल्यातली पोरं यायची, विश्वकर्मातले फोरमन यायचे, जुन्या शहरातल्या, चारदीवारीच्या आतल्या दागिन्यांच्या दुकानातले सेल्समन यायचे. शिकवणं फुकट. पहिला नियम, हळू बोला. दुसरा, समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघा. "सामनेवाले का चेहरा देखो, अपना ग्रामर मत देखो. चेहरा बंद हुआ मतलब तुम्हारा अंग्रेज़ी बंद हुआ." आणि तिसरा नियम फार कडक होता. म्हणी, वाक्प्रचार, अलंकार सगळं बंद.

एका सेल्समननं मोबाइलवर बघून काही झोकदार वाक्यं पाठ केली होती. काका त्या दिवशी कोरियातलं गिऱ्हाईक झाले होते. त्यांनी विचारलं, हा हार दोन दिवसांत मिळेल का? तो ऐटीत म्हणाला, "पीस ऑफ केक, सर!"

काका उठले, गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं, परत आले. "केक कहाँ है?"

"सर, वो तो मुहावरा है. मतलब, आसान है."

"तो आसान बोल ना! वो कोरियावाला हार छोड़कर केक की राह देखेगा."

वर्ग हसून लोळला. काका मात्र हसले नाहीत. हा त्यांच्या दृष्टीनं गुन्हाच होता. सगळ्यांच्या पाण्याच्या माठात कुणी हात बुडवावा तसा.

ते मला म्हणायचे, "इंग्रजी ही धर्मशाळा आहे. कुणीही यावं, उतरावं, आपलं काम करावं, जाताना झाडून जावं. तिथं भिंतीवर चित्रं काढायची नाहीत आणि मालकी सांगायची नाही."

एकदा हे ऐकून काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "व्हय, आनि पोरीला तितंच वाढीवलं ह्येंनी. धर्मशाळंत."

काका कोटाचं बटण लावत भाजी आणायला निघाले. हा विषय त्या घरात जपून घेतला जातो, हे तोवर मला कळलं होतं.

त्यांची मुलगी मधुरा. ती जन्मली तेव्हा काकांनी ठरवलं की, मी हिच्याशी इंग्रजीतच बोलणार. ते तसंच निभावलं. काकू मराठीत बोलत, गल्ली आणि शाळा हिंदीत बोले. मधुरा बापाला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आईला हिंदीत. काकूंचं मराठी तिला कळायचं, पण स्वयंपाकघरातलं, म्हणजे भूक लागली, ताट घे, पंखा बंद कर एवढंच. काकूंचं कराडकडचं बोलणं मधुराच्या मैत्रिणींना गमतीचं वाटे, म्हणून हळूहळू त्या घरात चारचौघांपुढं बोलेनाशाच झाल्या. मी वरच्या मजल्यावर राहायला गेल्यावर त्यांनी दुपारच्या दुपार माझ्यापाशी बोलून काढल्या. बैलांची नावं, भावकीतली भांडणं, संगमावरची जत्रा. कितीतरी वर्षांचं तुंबलेलं होतं ते.

काकांचा हट्ट कुठून आला हेही मला काकूंनीच सांगितलं. तरुणपणी काका मुंबईला मुलाखतीला गेले होते. एका वाक्यात ते अडखळले आणि टेबलापलीकडचे तिघं खो खो हसले. काका परतीच्या गाडीतून तडक घरी आले नाहीत, दोन स्टेशनं आधी उतरून शेतांतनं चालत आले. "रडलं आसत्याल वाटंत. मला सांगितलं न्हाई कदी. माज्या पोरीला कुनी हसायचं न्हाई, एवढंच म्हनत ऱ्हायलं."

आणि तसंच झालं. मधुराला कुणी हसलं नाही. ती शिकली, नेदरलँड्समध्ये नोकरीला गेली, तिथं एका पोर्तुगीज मुलाशी लग्न करून त्याच्या देशात राहायला गेली. दोघांची भाषा इंग्रजी, म्हणजे दोघांचीही नसलेली. काकांना याचा केवढा अभिमान! "बघा, माझी पोर जगात कुठंही उतरू दे, अडायची नाही."

जावई आपल्या आईला घेऊन जयपूरला आला तेव्हा मी तिथंच होते. मधुरा बाजारात गेली होती; काका आणि जावई तासभर बोलत बसले. विमान किती तासांचं, तिकडं थंडी किती, इकडं ऊन किती. विहीणबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता, काकूंनाही नव्हता. दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून एकमेकींकडं बघून हसत होत्या. शेवटी काकूंनी मला खुणेनं बोलावलं.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "आमची पोर जरा हट्टी हाय, फटकन बोलती, पर पोटात काय ठेवत न्हाई. तिला पदरात घ्या."

मी ते इंग्रजीत सांगितलं. 'पदरात घ्या'पाशी मी अडले, पुढं 'टेक केअर ऑफ हर' म्हटलं. जावयानं ते आईला पोर्तुगीजमध्ये सांगितलं. विहीणबाईंचे डोळे भरले, त्यांनी काकूंचा हात धरला आणि पुष्कळ काही बोलल्या. थांबत थांबत, छातीवर हात ठेवून. जावयानं ऐकलं, शब्द शोधले, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "शी सेज, नो प्रॉब्लेम."

मी काकूंना सांगितलं, "काही काळजी करू नका म्हणतात."

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "आगं, किती बोलली ती!"

नंतर भांडी लावताना त्या रडल्या. "ईहीन आली दारात, आनि मी तिला थँक्यू म्हनले. दुसरं काय येतंय मला?"

मधुराला मुलगी झाली, ती चालायला-बोलायला लागली, आणि त्याच सुमारास काकूंचं दुखणं निघालं. पोटात गाठ होती. ऑपरेशन झालं, मधुरा येऊन राहून गेली. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा बिघडलं. मग डॉक्टरांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "थोडे आठवडे म्हणतात."

मधुराचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. मी बँकेतून येईपर्यंत तो होऊन गेलेला असे. मी विचारायची, "मधुराला सांगितलंत ना?" ते म्हणायचे, "सांगितलंय. नातीच्या शाळेला सुट्टी लागली की येतेय." मला वाटलं, ठरलंय त्यांचं.

काकू त्या सुट्टीच्या आधीच गेल्या. सकाळी, चहाच्या वेळेला, मी त्यांच्या पायांशी बसलेली असताना.

मधुरा तिसऱ्या दिवशी पोचली. नवरा आणि मुलगी मागून येणार होते. ती रडत नव्हती. आईच्या पलंगावरची चादर काढली, घडी केली, परत अंथरली. मग स्वयंपाकघरात आली. मी कणीक भिजवत होते आणि काका दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ती तिच्या हिंदी-मराठीत मला म्हणाली, "ताई, एक पूछना था. आई शेवटच्या कॉलमध्ये बोलली, 'मधे, माझं आता काही खरं नाही बघ.' याचा मतलब काय होतो?"

माझे हात कणकेत होते, तसेच राहिले. मी काकांकडं पाहिलं.

"मी पापांना विचारलं होतं तेव्हाच," ती म्हणाली. "मला वाटलं, नथिंग इज ट्रू अबाउट मी, असं काहीतरी बोलते आहे. औषधांमुळं. पापा बोलले, इट इज ओन्ली अ वे ऑफ टॉकिंग."

काका खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मधुराला मराठीत म्हणाले, "म्हणजे मी आता जगत नाही. मी चालले."

तिच्याशी ते मराठीत बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटतं, तिनंही.

"यू न्यू," मधुरा म्हणाली.

"येस."

"अँड यू टोल्ड मी शी वॉज स्टेबल. एव्हरी डे. स्टेबल. नो प्रॉब्लेम."

"येस."

"व्हाय, पापा?"

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांचे जादा शब्द मोजले त्यांना एक शब्द सापडेना. मग ते माझ्याकडं वळले. "सांग गं तिला. माझ्याकडं ते इंग्रजीत नव्हतंच. काय म्हणू? युअर मदर इज डाइंग? हे वाक्य मी माझ्या तोंडानं म्हणू? मी रोज ठरवायचो, आज म्हणायचं. तिचा चेहरा दिसला की जमायचं नाही. आपल्यात कसं असतं, लवकर येऊन जा म्हणतो आपण, तिचं काही खरं नाही म्हणतो, आता भरवसा नाही म्हणतो. ऐकणारा समजतो. सरळ सांगता येत नाही त्याच्यासाठीच वाकडं बोलायची सोय केलीय गं माणसांनी. तिच्या आईनं तेच केलं. आणि पोरीनं मला अर्थ विचारला, तर मी सांगितलं, त्यात काही अर्थ नाही. तिची आई वाट बघत होती. दाराकडं तोंड करून झोपायची. मी कूस बदलून दिली तर पुन्हा वळायची."

मी मधुराकडं वळून इंग्रजीत सुरुवात केली. तिनं हात वर केला. "नको ताई. त्यांना बोलू दे."

ते पुढं बरंच बोलले, आणि ती त्यांच्या तोंडाकडं टक लावून ऐकत राहिली. काका थांबले तेव्हा ती म्हणाली, "आय अंडरस्टूड 'वाट बघत होती'." आणि मग ती रडायला लागली. काका खुर्चीतून उठले, पण तिच्यापर्यंत गेले नाहीत. मधेच उभे राहिले.

मधुरा परत गेल्यावर गच्चीवरचा वर्ग बंद झाला. पोरं येत, काकांच्या पाया पडून जात. एकदा तो केकवाला सेल्समन आला. त्याच्या एका परदेशी गिऱ्हाइकाची आई वारली होती आणि त्याला चार ओळी पाठवायच्या होत्या. "सर, क्या लिखूँ?"

"सॉरी लिख दे," काका म्हणाले. "मुझे उतना ही आता है."

तो गेल्यावर मला म्हणाले, "इंग्रजांकडं असणार गं. त्यांच्याही आया मरतात, त्यांनीही काही शब्द करून ठेवले असणार. आडवळणाचे, मऊ. ते सगळे मी कचरा म्हणून बाहेर फेकले. यंत्र विकायला लागत नव्हते ना."

त्यांनी मधुराशी फोनवर मराठीत बोलायचं ठरवलं. तिलाही ते हवं होतं. मी समोर बसलेली असायची, अडलं तर सांगायला. "मधुरा, जेवलीस का?" "हो पापा, जेवली." "काय केलं होतंस?" "राइस... भात." इथवर नीट चाले. पुढं काका आपल्या मनातलं काही बोलू लागत आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होई. चेहरा बंद झालेला काकांना लगेच कळायचा. सगळी हयात त्यांनी तेच तर बघितलं होतं. शिवाय मराठीतले काका तिच्या ओळखीचे नव्हते. मराठीत ते हळवे होते, जुन्या आठवणी काढायचे, मधेच गप्प व्हायचे. तिचा बाप इंग्रजीतला, थोडक्यात बोलणारा, सगळ्यावर उपाय असलेला. काही आठवड्यांनी दोघंही, न ठरवता, इंग्रजीवर परत आले. तिकडची थंडी, इकडचं ऊन, ब्लडप्रेशरची गोळी. दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं. मला मात्र ते बघवलं नाही. मी वर निघून गेले.

पुढं माझी बदली पुण्याला झाली. परवा बँकेच्या कामासाठी जयपूरला गेले होते, तेव्हा दुपारी सोडाल्याला गेले. काका फार वाळलेत. बंद गळ्याचा कोट त्यांच्या अंगावर आता खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. मी चहा केला, आणि तेवढ्यात मधुराचा कॉल आला. नात आता पाच वर्षांची आहे. ती आईच्या मांडीवर बसली होती आणि शाळेत कसला तरी कुटुंबाचा तक्ता करत होती. तिचे प्रश्न इंग्रजीत, पोर्तुगीज वळणाचे. आजोबांना पापा कोण म्हणतं? आई. मग आजी त्यांना काय म्हणायची?

काका गोंधळले. "शी डिड नॉट से माय नेम."

"बट हाऊ शी कॉल यू?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? त्याला इंग्रजी नाही, हिंदी नाही, सांगण्यासारखा अर्थसुद्धा नाही. मग ते म्हणाले, "शी सेड... अहो."

"आओ?"

"अ-हो."

मुलीला तो शब्द गमतीचा वाटला. तिनं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं आणि आजोबा दुसऱ्या खोलीत असावेत अशी मोठ्यानं हाक मारली, "अहोऽऽ!"

काकांची मान झटकन स्वयंपाकघराच्या दाराकडं वळली. "ओ," ते म्हणाले. "आलो, आलो."

मग त्यांच्या लक्षात आलं. पण फोनकडं वळायला त्यांना बराच वेळ लागला. पलीकडून ती पोर आईला विचारत होती, आजोबा कुठं बघतायत?